बाळसं

त्या दिवशी पेशंट आजी होत्या. केसपेपरवर नाव त्यांचं, नंबर त्यांचा, तक्रारही त्यांचीच. जिना चढताना आधार हवा म्हणून सून सोबत आली होती, आणि घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून सुनेच्या खांद्यावर बाळ होतं. हे मुद्दाम आधी सांगते, कारण पुढची वीस मिनिटं मी त्या बाळाकडे पाहिलंच नाही आणि त्याचं कारण मला अजूनही एवढंच देता येतं.

माझा दवाखाना इचलकरंजीत आहे. इथं त्वचारोगाची डॉक्टर म्हणून बसायचं म्हणजे दहातले पाच-सहा पेशंट गजकर्णाचे, हे धरूनच चालायचं. हवा कोरडी पडली की मागावरचं सूत तुटतं, म्हणून कारखान्याच्या खिडक्या बंद. बारा-बारा तासांची पाळी. घामानं भिजलेली पँट अंगावरच वाळते आणि अंगावरच पुन्हा भिजते. बुरशीला याहून काय हवं?

मी शिकत होते तेव्हा गजकर्ण हा शिकाऊ डॉक्टरकडे ढकलून द्यायचा आजार होता. टर्बिनाफिनची 250 मिलिग्रॅमची गोळी दोन-तीन आठवडे, वरून एक मलम, विषय संपला. गेल्या दहा-बारा वर्षांत सगळं पालटलं. आपल्याकडे फोफावलेल्या बुरशीला 2020 साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं स्वतंत्र नाव मिळालं. देशाचं नाव लागलं म्हणून छाती फुगवावी अशी ही गोष्ट नव्हे. टर्बिनाफिन ज्या एन्झाइमला पकडतं त्याची घडणच या बुरशीत बऱ्याचदा बदललेली असते. गोळी पोटात जाते, रक्तात उतरते, कातडीपर्यंत पोचते, आणि तिथं तिला कोणी विचारत नाही.

आजींचं गजकर्ण परकराच्या नाडीच्या रेषेवरून सुरू होऊन खाली मांड्यांपर्यंत उतरलं होतं. गजकर्णाला कडा असते. बाहेरून उठावदार लाल गोल आणि मध्ये जरा निवळलेलं, असं ते असतं. आजींच्या अंगावर ती कडाच नव्हती. नुसते विटकरी डाग, एकात एक मिसळलेले, आणि मांडीच्या आतल्या बाजूला कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ होऊन तिच्यावर बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे वळ. साठीच्या बाईच्या मांडीवर ते वळ दिसले की मला पुढचं विचारावं लागत नाही, तरी विचारलं.

"काय लावताय आजी?"

"ट्यूब हाय की. लावली की दोन दिसांत थंड. सोडली की दुप्पट. मग परत लावायची."

ब्लेडच्या कडेनं मी थोडा कोंडा खरवडला, काचेवर पोटॅशचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. एरवी बुरशीचे धागे शोधावे लागतात. इथं नुसतं सूत पसरलेलं. स्टिरॉइड लावलेल्या गजकर्णात हे असंच असतं. वरून लाली कमी, खाज कमी, आणि खाली बुरशीला मोकळं रान, कारण तिच्याशी भांडणारी शरीराची फौजच स्टिरॉइडनं झोपवलेली असते. आइव्ह आणि मार्क्स या डॉक्टरांनी 1968 साली याला 'टीनिया इनकॉग्निटो' म्हटलं. वेश पालटलेलं गजकर्ण. नाव मोठं नेमकं आहे. आमच्या गावात आता ते वेश पालटलेलंच जास्त फिरतं.

"ट्यूब आणलीय का?"

आजींनी कमरेचा बटवा सोडला. अर्धी पिळलेली ट्यूब निघाली. क्लोबेटासोल हे जोरदार स्टिरॉइड, त्यात एक प्रतिजैविक, त्यात एक बुरशीचं औषध. अपेक्षित होतं तेच. पण ट्यूबच्या पाठोपाठ आजींनी आणखी एक वस्तू काढली, दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक कापून केलेलं पाकीट, आणि आत जपून घडी घातलेला कागद.

"मेडिकलवाला चिठ्ठीबिगर देत न्हाई. शाणा हाय. म्हणून ही जपून ठेवल्या. तुमचीच हाय की मॅडम."

माझीच होती. माझं लेटरहेड, माझं अक्षर, दोन वर्षांपूर्वीची तारीख. तेव्हा आजी घोट्यावरच्या जाड काळ्या चट्ट्यासाठी आल्या होत्या. खाजवून खाजवून म्हशीच्या कातडीसारखा झालेला चट्टा, त्याला क्लोबेटासोल हेच औषध. बरोबर होतं. आजही तेच देईन. चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि 'घोट्यावर, दिवसातून दोनदा, 15 दिवस' हे मी इंग्रजीत लिहिलं होतं, जे आजींना वाचता येत नव्हतं. आणि घडी नेमकी '15 दिवस'वरून गेली होती. रोज उघडून-मिटून तिथला कागद झिजला होता आणि अक्षरं उडाली होती. औषधाचं नाव मात्र ठणठणीत. दुकानदारानंही मी लिहिलेलं साधं क्लोबेटासोल न देता 'यात बुरशीचं पण हाय' म्हणून ही तीन औषधांची खिचडी सुरू करून दिली होती.

2018 पर्यंत स्टिरॉइडची बरीचशी मलमं 'बाहेरून लावायची' म्हणून चिठ्ठीच्या नियमातून सुटत होती. त्या साली ती शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या यादीत आली. आम्ही त्वचारोगवाल्यांनी त्यासाठी बरीच आरडाओरड केली होती आणि नियम झाल्यावर एकमेकांना पेढे द्यायचेच काय ते बाकी ठेवले होते. इथं नियम पाळला गेला होता. दुकानदारानं प्रत्येक वेळी चिठ्ठी बघितली होती.

मी मुकाट्यानं ती चिठ्ठी ठेवून घेतली आणि आजींना माझं नेहमीचं भाषण दिलं. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ, पोटभर जेवणानंतरच, कारण रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. ॲसिडिटीची गोळी तिच्यासोबत घ्यायची नाही. दोन महिने तरी लागतील, महिन्याला हजार-बाराशेचा खर्च आहे. घरात ज्यांना ज्यांना आहे त्यांना सगळ्यांना एकदमच औषध, नाहीतर आज तुमचं गेलं की उद्या मुलाकडून परत येणार. कपडे गरम पाण्यात, उलटे करून उन्हात. आणि शेवटी, आवाज चढवून, "ही ट्यूब आजपासून बंद. घरात कोणीच लावायची नाही. जाताना कचऱ्यात टाका."

हे वाक्य मी त्या आठवड्यात निदान पन्नास जणांना सांगितलं असेल. पेशंटला पाठ व्हावं म्हणून जरा दरडावूनच सांगते.

आजी उठल्या. सून उठली. बाहेर बसणाऱ्या आमच्या मावशींनी दार उघडलं आणि त्यांचा आवाज आला, "अगं बया, केवढं गुटगुटीत! गाल बघा की कसे, दाबलं की रक्त यील. घरी गेल्याव दृष्ट काढ गं पोरी."

मी मान वर केली. सुनेची पाठ माझ्याकडे होती, म्हणजे बाळाचं तोंड माझ्याकडे.

गोल चेहरा. नुसता गोल नव्हे, परातीसारखा. गाल इतके भरलेले की डोळे बारीक झालेले आणि तोंडाचा चंबू मध्ये अडकल्यासारखा. गालांवर लाली. कपाळावर आणि कानांपुढे बारीक काळी लव. कपाळाच्या कडेला तीट. पुस्तकात असा चेहरा मी शंभरदा पाहिलाय, परीक्षेत त्यावर उत्तरं लिहिलीत, आणि तो वीस मिनिटं माझ्यापासून चार फुटांवर होता.

"थांबा. आत या परत. दार लावा मावशी."

बाळ सात महिन्यांची मुलगी होती. टेबलावर दुपटं पसरून तिला ठेवलं. झबलं काढलं. मानेच्या मागे, खांद्यांच्या मधोमध, मांसाचा मऊ उंचवटा. पोट सुटलेलं. आणि त्या भरल्या अंगाला न शोभणारे काटक हातपाय. डायपर सोडला. जांघेत कातडी तकतकीत, पातळ, आतल्या निळ्या शिरा दिसाव्यात अशी. पुरळ मात्र नाव घ्यायलाही नव्हतं. इतकी स्वच्छ जांघ डायपरवाल्या बाळाची नसतेच.

"इथं काय लावता?"

सुनेनं सासूकडे पाहिलं. सासूनं ट्यूबकडे.

"लंगोटाखाली लाल झालं हुतं दोन महिन्याची आसताना. रात-रात रडायची वो. मग म्या म्हटलं, माझ्या अंगाला लावतोय ती लावून बघू. म्हातारीला चालतंय तर लेकराला काय हुतंय. आन् दुसऱ्या दिशी बघा, पोर गप. तवापासनं डायपर बदलला की लावायची, म्हंजे हुयाचंच न्हाई परत."

"दिवसातून किती वेळा?"

"चार. कधी पाच."

"आणि एक ट्यूब किती दिवस पुरते?"

हे सुनेला पक्कं माहीत होतं, कारण आणायला तीच जायची. अठरा-वीस दिवस. तीस ग्रॅमची ट्यूब. पाच महिन्यांत आठ झाल्या होत्या.

मी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. आठ गुणिले तीस, 240 ग्रॅम. भागिले दीडशे दिवस. रोजचं सरासरी 1.6 ग्रॅम. क्लोबेटासोलच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं की मोठ्या माणसातसुद्धा दिवसाला 2 ग्रॅम इतक्या कमी वापरानंही मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीचं काम दबू शकतं, सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त लावू नये, आणि बारा वर्षांखालच्या मुलांना देऊच नये. इथं वय सात महिने. तान्ह्या बाळाची कातडी वजनाच्या मानानं मोठ्यांच्या अडीच-तीन पट असते. त्यात जांघेची कातडी सगळ्यात पातळ, आणि वरून प्लॅस्टिकचा डायपर. मलम लावून वर प्लॅस्टिक गुंडाळणं ही तर औषध जास्त आत जावं म्हणून आम्ही सोरायसिसच्या जाड चट्ट्यांवर मुद्दाम करायची युक्ती.

वजनकाट्यावर 9 किलो 300 ग्रॅम. या वयाच्या मुलीचं सरासरी साडेसात किलोच्या आसपास असतं. मग टेपनं लांबी मोजली, दोनदा, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. 62 सेंटीमीटर. 67 तरी हवी. सुनेच्या पिशवीत लसीकरणाचं कार्ड होतं. त्यावरची वजनाची रेघ झोकात वर चढत गेली होती आणि बघणारा प्रत्येक जण खूश झाला असणार. लांबीच्या रकान्यात काही नव्हतं. जेवणामुळं बाळसं धरलेलं मूल लांबीलाही वाढतं. वजन चढतंय आणि लांबी थिजलीय, असं दिसलं की खाण्यापिण्यापलीकडचं काहीतरी आहे असं समजायचं.

माझ्याकडे तान्ह्या बाळाच्या दंडाला बसेल असा रक्तदाबाचा पट्टा नाही. त्वचारोगाच्या दवाखान्यात कशाला असेल? दोन गल्ल्या पलीकडे एक बालरोगतज्ज्ञ आहेत, वयानं आणि अनुभवानं माझ्याहून बरेच मोठे. त्यांना फोन केला. "घेऊनच या," म्हणाले. बाहेर पंधरा पेशंट बसले होते. मावशींना सांगितलं, कोणाला थांबायचं त्यांनी थांबावं, आणि आम्ही चौघी रिक्षात बसलो. ट्यूब मी माझ्या पर्समध्ये घातली. वाटेत कचराकुंडी लागली. आजींनी तिच्याकडे बोट करून विचारलं, "टाकायची नव्हं?"

तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. वीस मिनिटांपूर्वी मीच बजावलं होतं, आजपासून बंद, घरात कोणीच नाही. त्या इतक्या ऐकणाऱ्या होत्या की त्यांनी तंतोतंत ऐकलं असतं.

पाच महिने बाहेरून फुकट स्टिरॉइड मिळत असताना त्या लेकराच्या ॲड्रिनल ग्रंथीनं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवायचं सोडून दिलं होतं. शेजारून रोज आयतं ताट येत असलं की घरची चूल थंडच पडते. अशात ताट एकदम बंद झालं तर? एरवी दोन-चार दिवस कदाचित निभावलंही असतं. पण एखादा ताप, एखादी हगवण, आणि रक्तदाब खाली, साखर खाली, बाळ निपचित. तापाचं म्हणून आणलेलं बाळ अशा कारणानं हातचं जाऊ शकतं, आणि कारणही कोणाला कळत नाही. ट्यूब थांबवायलाच हवी होती. पण तिच्या जागी शरीराला रोज लागतं तेवढं स्टिरॉइड पोटातून दिल्याशिवाय नाही.

रक्तदाब 124 वर 80 निघाला. बालरोगतज्ज्ञांनी पट्टा बदलून, बाळ शांत झोपल्यावर पुन्हा घेतला. तेवढाच. त्या वयात वरचा आकडा नव्वदच्या आसपास असतो. त्यांनी मला काही म्हटलं नाही, फक्त ट्यूब हातात घेऊन उजेडात धरली आणि बारीक अक्षरं वाचत राहिले. मग बाळाला रात्रभर नजरेखाली ठेवून घ्यायचं ठरलं. सकाळी आठला रक्त घ्यायचं, कारण कॉर्टिसॉल पहाटेपासून चढतं आणि सकाळी सगळ्यात जास्त असतं, आणि रक्त घेतल्या घेतल्या पहिला डोस सुरू करायचा. अहवाल दुसऱ्या दिवशी आला. पाचाच्या वर हवं ते 0.8.

अंगात स्टिरॉइड जास्त झाल्यानं होणाऱ्या या आजाराला हार्वे कुशिंग या डॉक्टरचं नाव आहे. त्यानं 1932 साली मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीच्या गाठीमुळं होणारा प्रकार सविस्तर मांडला. आमच्या इथल्या बाळांना गाठीची गरज पडत नाही.

दरम्यान मी त्या औषधाच्या दुकानात गेले. भांडायला गेले होते हे कबूल करते. दुकानदार मध्यमवयीन, शांत, खुर्ची पुढं सरकवली, चहा मागवला. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, चिठ्ठी तुमची होती. तारीख मी नाही बघितली, माझं चुकलं. पण मुदत संपली असं तुम्ही तरी कुठं लिहिलं होतं?" मी पर्समधून ती चिठ्ठी काढून त्याच्यापुढं धरली, '15 दिवस' दाखवायला. दाखवण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं. चहा न पिता आले.

स्टिरॉइडला शिव्या घालणं सोपं आहे, आणि मोबाइलवर सध्या तेच चालतं. मला ते पटत नाही. फिलिप हेंच या डॉक्टरनं 1948 साली संधिवातानं खाटेला खिळलेल्या बाईला कॉर्टिसोन दिलं आणि ती काही दिवसांत चालायला लागली; 1950 चं नोबेल त्याला आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना मिळालं. 1952 साली हायड्रोकॉर्टिसोनचं मलम कातडीवर चालतं हे सुल्झबर्गर आणि विटन यांनी दाखवलं आणि आमची शाखाच बदलली. इसबानं रात्र रात्र खाजवणाऱ्या पोराला शांत झोप देणारं दुसरं इतकं हुकमी मलम आजही नाही. पण 'स्टिरॉइडचं मलम' ही एक वस्तू नव्हे. अमेरिकी वर्गवारीत जोराप्रमाणे सात पायऱ्या आहेत. सर्वात खालच्या पायरीवर हायड्रोकॉर्टिसोन, सर्वात वर क्लोबेटासोल. दोघांत फरक शेकडो पटींचा. ट्यूब मात्र सारख्याच आकाराच्या, किंमत दोन्हींची शंभराच्या आतबाहेर, आणि 'बाहेरून लावायचं तर आहे' हा दिलासा दोन्हींना सारखाच. याची उलटी बाजूही रोज भेटते. इसबाच्या बाळाची आई नेटवर वाचून सगळ्यात सौम्य मलमही फेकून देते, खोबरेल तेलावर भागवते, आणि पोर महिनाभरानं रक्तबंबाळ होऊन येतं. तिलाही रागवावं लागतं.

या लेकराच्या लंगोटाखालच्या लालीला खरं तर काय लागलं असतं? डायपर दर दोन-तीन तासांनी बदलणं. शी झाली की साध्या पाण्यानं धुऊन टिपून घेणं, सुगंधी ओले रुमाल नाहीत. दिवसातून दोन-तीन वेळा उघडं ठेवून वारा लागू देणं. आणि झिंक ऑक्साइडचं जाड पांढरं मलम, भिंतीला गिलावा करावा तसं. त्यानं दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही आणि लालीच्या कडेनं सुटे लाल दाणे दिसले तर ती कँडिडा बुरशी. तिला नुसतं क्लोट्रिमॅझोल. फारच सूज असेल तर सौम्य हायड्रोकॉर्टिसोन, तेही तीन-चार दिवस, आणि डॉक्टरनं बघून. आजींच्या सुती लंगोटाच्या काळात हा त्रास कमी व्हायचा, असं आजी म्हणतात. त्यात तथ्य आहे, फक्त तो ओला लंगोट लगेच बदलला तरच.

औषध सुरू करताना आजींनी विचारलेला प्रश्न मला कुठल्या परीक्षकानंही विचारला नसता. "ज्यानं झालं त्येच परत द्यायचं व्हय?"

मी चुलीची गोष्ट सांगितली. आयतं ताट एकदम बंद करायचं नाही. रोज थोडं थोडं कमी करायचं, म्हणजे भुकेपोटी चूल परत पेटेल. आजींना पटलं. हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला एकूण 4 मिलिग्रॅम, तीन भागांत. गोळी दहाची, म्हणून कुटून पुड्या. बालरोगतज्ज्ञांनी एक कार्ड करून दिलं, मराठीत, ठळक अक्षरांत. ताप आला तर डोस तिप्पट. उलटी होऊन औषध टिकत नसेल तर थांबायचं नाही, हे कार्ड घेऊन जवळच्या दवाखान्यात जायचं आणि इंजेक्शन द्यायला सांगायचं. सुनेनं त्याचा फोटो काढून नवऱ्याच्या, भावाच्या, नणंदेच्या, सगळ्यांच्या मोबाइलवर टाकला. नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस द्यायची का, हा एक प्रश्न होता, कारण ती जिवंत जंतूंची लस आणि बाळाची प्रतिकारशक्ती दबलेली. पण लसीला अजून दोन महिने होते, तोवर जास्तीचं स्टिरॉइड ओसरणार होतं. लस वेळेवरच दिली.

मला वाटलं होतं की अवघड भाग संपला. तो पुढंच होता, आणि तो माझ्या शास्त्रातला नव्हता.

बाळ उतरायला लागलं. दुसऱ्या महिन्यात गाल ओसरले, मानेचा उंचवटा गेला, लव गळाली. चेहऱ्यात पहिल्यांदाच हनुवटी दिसली. आम्ही दोन डॉक्टर खुशीत. आणि सून एका दुपारी एकटीच माझ्यापुढं येऊन बसली, रडायलाच लागली. शेजारणी विचारत होत्या, पोर का वाळली गं? दूध कमी पडतंय काय? बारशाला आलेली आत्या म्हणाली होती, सोन्यासारखं बाळ होतं, काय करून ठेवलं. नवरा रातपाळीहून येऊन बाळाकडे बघायचा आणि काही न बोलता झोपायचा. घरात सासूला कोणी काही बोलत नव्हतं, कारण सासू आधीच स्वतःला बोलत होती. सगळं सुनेवर. "मॅडम, आधी सगळी पोरीला घ्याला हात पुढं करायची. आता कोण बघत न्हाई."

याच्यावर माझ्याकडे गोळी नव्हती. मी लांबीची टेप काढली. म्हटलं, वजन विसर. दर महिन्याला माझ्याकडे येऊन लांबी मोज, पैसे नकोत. ती आली, दर महिन्याला. 63 ची साडेचौसष्ट, मग 66. भिंतीवर पेन्सिलनं खुणा करायच्या आम्ही. माझ्या दवाखान्याच्या भिंतीला रंग देऊन दोन वर्षं झाली होती, मावशींना ते आवडलं नाही. चार महिन्यांनी सकाळचं कॉर्टिसॉल पाचाच्या बरंच वर आलं, पुड्या थांबल्या. वर्षाची झाली तेव्हा लांबी 70 आणि वजन 8 किलो 400, म्हणजे सात महिन्यांची असताना होतं त्याहून जवळजवळ किलोभर कमी. रक्तदाब नव्वदीत.

आजींचं गजकर्ण जायला तीन महिने लागले, आणि पहिले पंधरा दिवस नरकाचे होते. स्टिरॉइड सुटल्यावर ते उसळून येतंच. त्यांनी काढले. मुलालाही होतंच, मांडीत, पट्ट्याखाली. त्यानं आधी नाही म्हटलं होतं. दोघांची औषधं एकदम चालली, कपडे वेगळ्या बादलीत. मांडीवरचे वळ मात्र राहिले. ते कायमचे.

माझ्या चिठ्ठ्या आता मराठीत असतात. स्टिरॉइडचं नाव लाल पेननं, त्याच्या पुढं अमुक तारखेनंतर देऊ नये असं, आणि ते घडीच्या रेषेवर येणार नाही असं वर, नावाच्या शेजारी. काही दुकानदार चिडतात. त्या दुकानदाराचा मात्र परवा फोन आला होता. कोणीतरी सहा महिने जुनी चिठ्ठी घेऊन आलंय, तारीख उलटलीय, काय करू? पाठवा म्हटलं इकडे.

मुलगी आता साडेपाच वर्षांची आहे, बालवाडीत जाते. गेल्या महिन्यात आजी घोट्याचा तोच जुना चट्टा दाखवायला आल्या. उगीच बोलता बोलता मोबाइल काढला आणि पडदा माझ्यापुढं धरला. नातीचा फोटो. सातव्या महिन्यातला, परातीएवढा चेहरा, लाल गाल, कपाळाच्या कडेला तीट. पाच वर्षं तोच ठेवलाय.

"आजी, हा कशाला ठेवलाय अजून?"

"लई ग्वाड दिसती वो ह्यात," आजी म्हणाल्या.

मी फोटो परत दिला आणि घोटा बघायला खाली वाकले.